ऊन कुठल्या बाजूला?

दिसलं! अखेर दिसलं! सहा पावसाळे कोकणकड्याच्या काठावर पोटावर पालथं पडून, नखशिखांत भिजून जे मला एकदाही दिसलं नाही, ते इंद्रवज्र मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानात, बेचाळीस के या सीटवर, पट्टा बांधलेल्या अवस्थेत दिसलं. तेही सुटल्यावर अर्ध्या तासाच्या आत. पायातले बूटसुद्धा काढून झाले नव्हते हो!

झालं असं. विमान जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रावर गेलं आणि परतीच्या पावसाच्या ढगांत शिरलं. काही मिनिटं खिडकीबाहेर नुसता पांढरा धूर. मग एकदम वर. ऊनच ऊन! खाली पिंजलेल्या कापसाचं मैदान, पार क्षितिजापर्यंत. तेवढ्यात विमान उजवीकडे किंचित कललं आणि ढगांवरून एक इवलीशी सावली पळताना दिसली. आमच्याच विमानाची. पंख, शेपूट, सगळं ओळखू येत होतं. आणि त्या सावलीभोवती गोल. कमान नव्हे, पूर्ण गोल! आत निळसर, मग हिरवट-पिवळा, बाहेर लाल, आणि त्या लालच्याही बाहेर आणखी एक फिकट कडं, जणू पहिल्याचा पडसाद.

मी ओरडले, "अहो!"

विमानात एवढ्या मोठ्याने 'अहो' म्हटलं की चार नवरे वळून बघतात. माझा बघेना, कारण त्याने कानात यंत्रं घातली होती. मधल्या सीटवर नांदेडचा एक मुलगा होता, पहिल्यांदाच शिकायला चाललेला, विमान हलायच्या आधीच झोपलेला. त्याला हलवून जागं केलं. तो दचकून म्हणाला, "काय झालं काकू?" मी काच दाखवली. तो माझ्यावरून वाकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "गोल आहे?" मी म्हटलं, "गोल आहे!" एवढ्या संभाषणावर आमची दोस्ती झाली.

ट्रेक करणाऱ्यांना इंद्रवज्र सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा. पावसाळ्यात खालची दरी ढगांनी भरली आणि त्याच वेळी पाठीमागून सकाळचं ऊन नेमकं आलं, तर खालच्या ढगावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं वर्तुळ उमटतं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली त्याची नोंद केली, आणि तेव्हापासून आम्ही सगळे त्याच्या मागे. एक तर ढग असतात पण ऊन नसतं. नाहीतर ऊन असतं आणि दरी लख्ख मोकळी. दोन्ही आलं की आपण नेमके तंबूत कांदे चिरत असतो. एका वर्षी तर मी पाणी आणायला टाक्यावर गेले तेवढ्या दहा मिनिटांत बाकीच्या सगळ्यांना दिसलं. त्या ग्रुपशी मी पुढे वर्षभर नीट बोलले नाही.

हे इंद्रधनुष्याचं नातेवाईक आहे, पण सख्खं नव्हे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून घडतं आणि त्याची कमान आपल्या सावलीपासून ४२ अंशांवर, म्हणजे चांगली ऐसपैस असते. इंद्रवज्र ढगातल्या अगदी सूक्ष्म थेंबांमुळे होतं. प्रकाश जवळपास आल्या वाटेनेच माघारी फिरतो आणि कडं जेमतेम काही अंशांचं, हातभर अंतरावर धरलेल्या बांगडीएवढं दिसतं. पण मला वेड लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. नीट बघितलं तर वर्तुळाचा मध्य विमानाच्या मधोमध नव्हता. तो शेपटीकडे होता, पंखाच्या मागे. जिथे मी बसले होते तिथे! सूर्यापासून बघणाऱ्याच्या डोक्यातून रेघ काढली की ती जिथे टेकते तिथे याचा मध्य. म्हणजे बाराव्या रांगेत कुणी बघत असेल तर त्याचं वर्तुळ विमानाच्या नाकाशी. ज्याचं त्याचं वेगळं. साडेतीनशे माणसं त्या विमानात, आणि ढगांवरून पळणारं ते रंगीत कडं फक्त माझ्याभोवती होतं.

आता खरी गंमत सांगते. हे योगायोगाने झालं नाही. म्हणजे ढग योगायोगाचे, पण खिडकी मी हिशेबाने घेतली होती, आणि तो हिशेब आमच्या आईचा. आईने आयुष्यात विमान आतून पाहिलं नाही. तिचं शास्त्र एसटीचं. स्वारगेटला गाडी लागली की गर्दीत घुसायच्या आधी ती क्षणभर थांबायची आणि आकाशाकडे बघायची. "ऊन कुठल्या बाजूला येणार?" सकाळची कोल्हापूर गाडी दक्षिणेकडे जाते, ऊन पूर्वेकडून, म्हणजे डावीकडून. बसा उजवीकडे. मग खिडकीतून रुमाल आत पडायचा आणि जागा आमची व्हायची.

बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा एवढ्या लांबच्या विमानात बसायचं ठरलं, लेकीकडे लंडनला, आणि संगणकावर सीटांचा नकाशा उघडला तेव्हा माझ्या डोक्यात हेच आलं. आधी दिल्लीला दोनदा गेले होते, दोन्हीदा रात्री आणि दोन्हीदा बोळाकडची जागा, म्हणजे विमानप्रवास माझ्या लेखी एक उभट डबा होता. या वेळी विमान दुपारी एकचं. मुंबईहून लंडन म्हणजे वायव्येकडे. दुपारनंतर सूर्य दक्षिणेला आणि मग पश्चिमेला, म्हणजे सबंध प्रवास डाव्या हाताला. तर मग बसा उजवीकडे! मी तेव्हा एवढाच विचार केला होता की डोळ्यांवर ऊन नको. सूर्याकडे पाठ करून बसणाऱ्याला काय काय मिळतं याची मला सुतराम कल्पना नव्हती.

रुमालाचे मात्र पैसे पडतात. घरातून विरोध झाला. "दहा तास काय बघणार आहेस? ढग?" मी म्हटलं, हो, ढग. शेवटी तडजोड झाली, ते बोळाकडे, मी खिडकीशी, आणि मध्ये जो येईल तो. मोठ्या विमानात रांगेत दहा सीट असतात, ए पासून के पर्यंत, पण मधला आय गाळलेला असतो, तो एकासारखा दिसतो म्हणून. उजवी खिडकी म्हणजे के. नंबर ठरवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मधल्या रांगांना खिडकी असते पण खाली पंखच पंख, गच्चीवर उभं राहून अंगण बघितल्यासारखं. शिवाय काही रांगांना खिडकीच्या सीटला खिडकीच नसते, नुसती भिंत! तिथे भिंतीआडून नळ्या गेलेल्या असतात म्हणे. पैसे भरून भिंत मिळालेल्या माणसाचं काय होत असेल याचा मी बराच वेळ विचार केला. मी पंखाच्या बरंच मागे गेले. तोटा एवढाच की इंजिनाच्या गरम हवेने समोरचं थोडं थरथरतं, चुलीवरून पलीकडचं दिसतं तसं.

विमान एक तास उशिरा सुटलं. सगळे कुरकुरत होते, मीही. पुढे कळलं की त्या एका तासानेच माझं भलं केलं. पण ते शेवटी.

ढग संपले आणि समुद्र आला, मग ओमानच्या बाजूचे डोंगर, आणि मग मुसंदम. हे नावसुद्धा मला माहीत नव्हतं, समोरच्या पडद्यावरच्या नकाशात वाचलं. होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसलेलं टोक. तपकिरी, बोडके कडे सरळ समुद्रात उतरलेले आणि समुद्र त्यांच्या फटींतून आत आत शिरलेला. एक झाड नाही. सह्याद्रीतली हिरवळ खरवडून काढली आणि कोकणात कड्याच्या पायथ्यापर्यंत पाणी भरलं तर असं दिसेल. पलीकडे इराणचा किनारा, आणि मधल्या निळ्यात जहाजं, सांडलेल्या तिळासारखी. बातम्यांत 'होर्मुझ' ऐकलं की पेट्रोलची चिंता वाटायची. वरून बघितलं तर दोन काठ एका नजरेत मावतात!

इथे जेवण आलं आणि जेवणानंतर संकट आलं. हवाईसुंदरी गोड हसून म्हणाली, खिडकीचं झाकण खाली घ्या, लोकांना झोपायचंय. दुपारचे चार वाजलेले, बाहेर अख्खं इराक यायचं होतं! मी तिला म्हटलं, दोन बोटं उघडं ठेवते. ती म्हणाली, उजेड येतो. मग मी ब्लँकेट डोक्यावरून घेतलं आणि त्याची कडा खिडकीभोवती खोचली. जुन्या स्टुडिओतला फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचा ना, तशी. आत मी आणि खिडकी. आणि काय सांगू, हा निव्वळ अपघाती शोध! आतल्या दिव्यांचं काचेतलं प्रतिबिंब गेलं आणि बाहेरचं दुप्पट स्वच्छ दिसायला लागलं. यजमान पलीकडून म्हणाले, "अगं, वाफारा घेतेस का?" घेत होते. तीन तास घेतला.

ब्लँकेटच्या आत शिरल्यावर खिडकीसुद्धा नव्याने बघितली. खिडकीत एकामागे एक अशा काचा असतात आणि मधल्या काचेला खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. मी आधी घाबरले. पण ते मुद्दाम ठेवलेलं असतं. केबिनमधल्या हवेचा दाब त्यातून पुढे जातो आणि सगळा भार बाहेरच्या जाड काचेवर पडतो, शिवाय काचांमध्ये दमट हवा कोंडत नाही. बाहेर उणे पन्नासच्या आसपास, म्हणून त्या भोकाभोवती बर्फाची नक्षी धरते. ठिपक्यांची रांगोळी कुणी नखाने काढावी तशी. घटकाभर मी इराक सोडून तीच बघत होते.

इराक मात्र सोडण्यासारखं नाही. टायग्रिस आणि युफ्रेटिस ही शाळेत घोकलेली जोडगोळी. 'दोन नद्यांमधला सुपीक प्रदेश' लिहिला की दोन मार्क. दक्षिणेला दलदल दिसली, काळसर हिरवी, पाण्याच्या आरशांनी चमकणारी. १९९० च्या दशकात सद्दामच्या राजवटीने ही दलदल सुकवून टाकली होती, तिथल्या माणसांना हुसकावण्यासाठी. २००३ नंतर बांध फोडले गेले आणि पाणी परतलं, पुरतं नसलं तरी. तिच्याच आसपास तेलाच्या विहिरींवरच्या ज्वाळा, भर उन्हातही दिसणाऱ्या. पुढे टायग्रिस वळवळत साथीला आली. नदीच्या दोन्ही अंगांना शेतांची हिरवी पट्टी, आणि पट्टी संपली की कात्रीने कापल्यासारखं वाळवंट. सुपीक प्रदेश म्हणजे ही एवढीशी किनार! पैठणीच्या काठाकडे बघून अख्ख्या साडीबद्दल बोलावं तसं आम्ही ते उत्तर लिहीत होतो.

मग तुर्कस्तान, आणि इथे मी नांदेडकराला पुन्हा उठवलं. उन्हं कलली होती. सूर्य आमच्या पाठीशी, त्यामुळे खिडकीतल्या प्रत्येक डोंगरावर समोरून ऊन आणि मागे लांब सावली, नुकतंच कोरून ठेवल्यासारखं. डावीकडच्या लोकांना तेच डोंगर नुसते काळे दिसत असणार, चकाकीआड. त्यात एकदम निळं आलं. वान सरोवर! ३७०० चौरस किलोमीटरहून मोठं, समुद्रसपाटीपासून साधारण १६४० मीटरवर. म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर आहे ना, त्या उंचीवर एक समुद्रच ठेवलेला. पाणी खारं आणि सोड्याचं, बाहेर पडायला वाट नाही. काठावरच्या नेमरूत ज्वालामुखीच्या लाव्ह्याने वाट अडवली आणि हे साठलं. पलीकडे सुफान, ४०५८ मीटर, तोही ज्वालामुखी. आणि त्याच्याही मागे, धुरकट पट्ट्याच्या वर, खडीसाखरेचा एक खडा तरंगत होता. जमिनीला टेकलेलाच नव्हता. मी पडद्यावरचा नकाशा बघितला, खिडकी बघितली, पुन्हा नकाशा. त्या दिशेला एवढं उंच दुसरं काहीच नाही. अरारात! ५१३७ मीटर. नोहाची नौका टेकली म्हणतात तो. तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी उरेल असा.

"काकू, किती लांब असेल?" मुलाने विचारलं. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या फोनवर गणित केलं. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज जवळजवळ ३७० किलोमीटरवर असतं. मुंबईच्या वर तरंगावं आणि पूर्वेला नजर टाकली तर सोलापूरपर्यंत सगळं नजरेच्या टप्प्यात. कोकणकड्यावरून मी आयुष्यभर 'काय लांबवर दिसतं!' म्हणत आले ते फार तर १३५ किलोमीटर, तेही हवा धुतलेली असेल तर. तो मुलगा त्यानंतर झोपला नाही.

काळा समुद्र आला आणि मला वाटलं, आता अंधार होईल. होईना. पाव तास झाला, अर्धा तास झाला, ढगांचे कडे केशरी ते केशरीच. रोमानिया गेलं, हंगेरी आलं, तरी संध्याकाळ जागची हलेना! मग उमगलं. आम्ही सूर्याच्या मागे धावत होतो. त्या अक्षांशाला जमीन ताशी हजाराहून थोड्या जास्त किलोमीटरने पूर्वेकडे फिरते आणि विमान साधारण साडेआठशेने पश्चिमेकडे जातं. उरलेल्या फरकाने सूर्य बुडणार. घरी जो सूर्यास्त गच्चीवर चहा निवायच्या आत उरकतो, तो इथे चौपट लांबला होता. मराठीत तिन्हीसांजा म्हणतात, मला त्या दिवशी बारा मिळाल्या.

आणि सूर्य तर डावीकडे! पलीकडच्या खिडक्यांना लोक फोन लावून उभे होते. मला पहिल्यांदा हेवा वाटला, खरं सांगते. एसटीच्या शास्त्राने घात केला असं वाटलं. नाइलाजाने मी आपल्या खिडकीतून मान मागे वळवून पूर्वेकडे बघितलं.

क्षितिजावर एक निळा-करडा पट्टा उगवत होता. ढग नव्हता तो, कडा अगदी सरळ आणि मऊ. त्याच्या वर गुलाबी पट्टा, जास्वंदीचा नव्हे, बकुळीच्या सुकल्या फुलासारखाही नव्हे... कण्हेरीचा म्हणा. त्या गुलाबीच्या वर आकाश अजून दिवसाचं. निळा पट्टा बघता बघता वर सरकत होता आणि गुलाबीला वर ढकलत होता. मला हे काय आहे ते कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला. ती पृथ्वीची सावली होती. आपल्या अख्ख्या पृथ्वीची, मागच्या हवेवर पडलेली! हीच सावली चंद्रावर पडते तेव्हा आम्ही ग्रहण पाळायचो, आजी पाण्यावर तुळशीपत्र ठेवायची. ती दररोज संध्याकाळी पूर्वेला उगवते आणि मी बावन्न वर्षं पश्चिमेकडेच बघत राहिले.

दुपारी विमानाची सावली, संध्याकाळी पृथ्वीची. दोन्ही सूर्याच्या उलट बाजूला. एक तास लवकर सुटलो असतो तर ही दुसरी हवेतून मिळालीच नसती, उजेडीच उतरलो असतो.

मी ब्लँकेट फेकलं आणि यजमानांना ओढून आणलं. नांदेडकराने आपली जागा दिली आणि तो बोळात उभा राहिला. यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जरा सरक."

उतरताना तर मेजवानीच. पश्चिमेचा वारा असला की हीथ्रोला विमानं पूर्वेकडून, शहरावरून येतात आणि मधलं लंडन उजव्या हाताला राहतं. दिवे लागले होते पण आकाश अजून पुरतं विझलं नव्हतं. थेम्सची काळी वळणं, शार्ड इमारतीचा टोकदार काचेचा भाला, नदीकाठचं ते मोठं चाक. माझ्या खिडकीत तीन डोकी होती.

लेकीने विमानतळावर पहिल्यांदा विचारलं, "कपाळाला काय लागलं आई?" काचेचा वळ होता. दोन दिवस राहिला.

चौथ्या रात्री जेवणं झाल्यावर हे लेकीचा लॅपटॉप घेऊन बसले होते. परतीच्या सीटांचा नकाशा उघडलेला.

"अगं, येतानाचं विमान रात्रीचं आहे," ते म्हणाले. "चंद्र कुठल्या बाजूला असेल?"

लेकीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच. मी उठून बघितलं. त्या तारखेखाली शुद्ध द्वादशी. म्हणजे रात्रीचा बराच वेळ चंद्र दक्षिणेकडे, आणि आम्ही जाणार आग्नेयेला.

"बघायचं काय आहे तुम्हाला?" मी विचारलं. "चंद्र की चांदणं?"